मराठवाड्यात घराण्याचा इतिहास शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत पूर्वजांचा माग काढणारे वाचक जे प्रश्न पुनःपुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादी बाब दुसरीकडे सविस्तर आली असेल, तर तेथील प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगितलेली बरी. आपल्याकडचे जुने कागद माणसांच्या नावाने लावलेले नसतात. ते गाव, सर्व्हे नंबर आणि सन यांच्या आधाराने लावलेले असतात. म्हणून "आमच्या घराण्याचे काही आहे का?" असे विचारणाऱ्याला बहुतेक कचेऱ्यांत नकारच मिळतो, आणि गाव व सन पक्के करून गेलेल्याला त्याच खोलीतून दप्तर काढून मिळते.

१. आम्हाला पणजोबांच्या पलीकडे काहीच ठाऊक नाही. सुरुवात कुठून करावी?

घरापासूनच करावी. जुन्या ट्रंकेतील खरेदीखते, कर्जरोखे, शेतसाऱ्याच्या पावत्या, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, पोथीच्या शेवटच्या पानावर लिहिलेल्या जन्मतिथी हे सारे एकदा बाहेर काढून त्याचे फोटो घ्यावेत. त्यानंतर घरातील आणि भावकीतील वयस्क माणसांशी बोलावे. त्यांना सनावळ्या विचारून फारसे हाती लागत नाही, "रझाकारांच्या वेळी आजोबा केवढे होते?", "बहात्तरच्या दुष्काळात घरात कोण कोण होते?" असे विचारले की वयाचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. मूळ गाव, कुलदैवत, सोयरीक कोणत्या गावांशी होती, शेताला लोक कोणत्या नावाने ओळखत आणि भावकीची किती घरे होती, हे लिहून घ्यावे. कोणती माहिती कोणाकडून व कधी मिळाली, तेही शेजारी नोंदवावे, कारण पुढे दोन हकिगती जुळत नाहीत तेव्हा याच टिपणाचा आधार असतो.

२. ग्रंथालय, पुराभिलेखागार आणि तहसीलचा अभिलेख कक्ष यांत फरक काय? आधी कुठे जावे?

ग्रंथालयात छापील साहित्य असते: गॅझेटियर, गावांचे व घराण्यांचे इतिहास, कुलवृत्तांत, स्मरणिका, वृत्तपत्रे. पुराभिलेखागारात शासनाने कायम जतनासाठी ठेवलेले जुने दप्तर असते. महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाचे मुख्य कार्यालय मुंबईत असून छत्रपती संभाजीनगर येथेही त्याचे कार्यालय आहे. सामान्य शेतकरी किंवा कारागीर कुटुंबाचे नाव मात्र बहुधा तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात किंवा भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात सापडते. ज्याला आपले गाव निश्चित ठाऊक आहे त्याने तहसीलपासून सुरुवात करावी. ज्याला गावाचाच पत्ता लावायचा आहे, त्याने आधी ग्रंथालयात बसावे.

३. पुण्याकडच्या नातेवाइकांना शंभर वर्षांपूर्वीचे मराठी सातबारे मिळतात. आमच्याकडे तसे का नाहीत?

कारण १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील महसुलाची पद्धत मुंबई इलाख्याहून वेगळी होती. राज्यकारभाराची भाषा आधी फारसी होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तिची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवर पाटील-कुलकर्ण्यांचे दप्तर मात्र मराठीत, आणि बहुतांशी मोडी लिपीत राहिले. परिणामी एकाच शेताची एक नोंद गावच्या मोडी कागदात आणि दुसरी तालुक्याच्या उर्दू कागदात असू शकते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर कारभार हळूहळू बदलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. या तीन तारखा डोळ्यांपुढे ठेवल्या की कोणत्या काळचा कागद कोणत्या भाषेत व कोणत्या नमुन्यात असेल, याचा अंदाज येतो.

धाराशिव-नळदुर्गच्या वाचकांसाठी एक जास्तीची बाब. १८५३ च्या तहाने तो मुलूख, वऱ्हाड आणि रायचूर दुआबासह, इंग्रजांकडे गेला होता आणि १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. मधल्या सात वर्षांचा कारभार इंग्रजांचा असल्याने त्या काळचा शोध निजामी दप्तरापुरता ठेवू नये.

४. आमचे गाव आज लातूर जिल्ह्यात आहे. जुने कागद लातूरलाच असतील ना?

तसे गृहीत धरू नये. चुकीच्या जिल्ह्यात शोध घेऊन निराश झालेल्यांची पत्रे आमच्याकडे सर्वाधिक येतात. संस्थानकाळी मराठवाड्यात औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद असे पाचच जिल्हे होते. जालना जिल्हा १९८१ साली, लातूर १९८२ साली आणि हिंगोली १९९९ साली झाला. लातूर जिल्ह्यातील बराच भाग त्याआधी उस्मानाबाद जिल्ह्यात होता, आणि उस्मानाबाद जिल्हाही पूर्वी नळदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जाई.

याहून अवघड गोष्ट सीमेवरच्या तालुक्यांची. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, आणि बीदर आज कर्नाटकात आहे. किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते, आणि आदिलाबाद आज तेलंगणात आहे. उलट, मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यातून निघून आदिलाबादला जोडला गेला. जिल्हा बदलताना गावचे चालू दप्तर सहसा नव्या तालुक्याकडे येते, पण जिल्हा कचेरीत राहिलेले जुने कागद प्रत्येक वेळी सोबत आलेच असे नाही. म्हणून उदगीरच्या वाचकाने तहसील व लातूर पाहून झाल्यावर धाराशिव, आणि मग बीदर हाही मुक्काम हिशेबात धरावा.

गावाची व शहरांची नावेही बदलली आहेत. आजचे अंबाजोगाई कागदांत मोमिनाबाद म्हणून येते. जुन्या सूचीत औरंगाबाद आणि उस्मानाबाद हीच नावे राहणार, तेव्हा सूची चाळताना दोन्ही नावांनी शोधावे. पिंपळगाव, वडगाव, सावरगाव अशा नावांची गावे तर एकेका जिल्ह्यात अनेक आहेत. त्यांच्यापुढे लागणारे बुद्रुक, खुर्द किंवा शेजारगावाचे नाव वगळून अर्ज केल्यास भलत्याच गावाचे दप्तर हाती येते.

५. कागदावर "सन १३४१ फसली" असे लिहिले आहे. हे कोणते साल?

संस्थानी कागदांत फसली सन चाले. विसाव्या शतकात हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई आणि त्याचे महिने क्रमाने आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहेश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर आणि आबान असे होते. ऑक्टोबर ते डिसेंबरमधील तारखेसाठी फसली सनात ५९० आणि जानेवारीपासून पुढच्या तारखेसाठी ५९१ मिळवावेत. म्हणजे १३४१ फसलीतील आजूर महिना १९३१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, तर त्याच सनातील मेहेर महिना १९३२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. बहमन डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर येतो, त्यामुळे त्याची तारीख जपून पाहावी. हैदराबाद भारतात विलीन झाले तो सप्टेंबर १९४८ हा महिना १३५७ फसलीचा होता, ही खूण लक्षात ठेवली की पडताळा घेता येतो. त्याहून जुन्या कागदांत वर्षारंभाची पद्धत वेगळी असू शकते, म्हणून तेथे एका वर्षाचा फरक गृहीत धरावा.

मोडी कागदांत शालिवाहन शकही आढळतो. त्यात साधारणपणे ७८ मिळवावेत. पेशवाईच्या काळातील मराठी कागदांत सुहूर सन येतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. कोणता सन आहे हे न पाहता बेरीज केल्यामुळे पणजोबा खापरपणजोबांच्या आधी जन्मलेले दाखवणाऱ्या वंशावळी आम्ही पाहिल्या आहेत.

६. जुन्या नोंदींत आडनावच नाही. ती आमच्याच माणसाची आहे हे कसे ओळखायचे?

आडनाव नसणे हेच नित्याचे. नाव, बापाचे नाव, गाव आणि कधी जात एवढेच लिहिले जाई. नोंदीची भाषा एकदा ओळखीची झाली की दोन ओळींत बरेच काही वाचता येते. नमुन्यादाखल आम्ही रचलेली ही एक नोंद पाहावी:

"मौजे पिंपळगाव, सर्व्हे नंबर ४२, गणपती वल्द नागोजी मयत. वारस: सखूबाई भ्र. गणपती, धोंडी वल्द गणपती, अ.पा.क. आई सखूबाई."

यात "वल्द" म्हणजे मुलगा, "भ्र." म्हणजे भ्रतार, अर्थात पुढे येणारे नाव नवऱ्याचे, उर्दू कागदांत याच जागी "जौजे" असते. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात अल्पवयीन वारसाचा सांभाळ करणारी व्यक्ती. एवढ्यावरून नागोजी, गणपती आणि धोंडी अशा तीन पिढ्या मिळाल्या. गणपती नोंदीपूर्वी वारला हे कळले. आणि धोंडी तेव्हा अज्ञान असल्याने त्याच्या जन्माचा काळ अठरा वर्षांच्या आत बांधता आला. धोंडी हा एकुलता एक होता, असे मात्र यावरून म्हणता येत नाही. दुसऱ्या भावाच्या वाट्याला दुसरा सर्व्हे नंबर गेलेला असू शकतो, किंवा सर्वांच्या वतीने एकाच्या नावावर "ए.कु.क.", म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, अशी नोंद असू शकते. थोरल्या भावाच्या नावाखाली धाकट्यांची नावे झाकली जाण्याचे हे फार मोठे कारण आहे.

ओळख पटवण्यासाठी किमान तीन गोष्टी जुळाव्यात: नाव, बापाचे नाव, आणि तिसरी म्हणून सर्व्हे नंबर, लगतच्या शेताचे मालक किंवा भावकीतील दुसरे नाव. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्याने "नागोजी वल्द गणपती" आणि "गणपती वल्द नागोजी" ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या उलटसुलट फिरत राहते, म्हणून नुसत्या नावांवर विसंबू नये.

७. आम्हाला मोडी वाचता येत नाही आणि उर्दूही नाही. काय करावे?

मोडी शिकणे वाटते तितके कठीण नाही. पुराभिलेख विभाग, विद्यापीठे आणि काही संस्था मोडीचे वर्ग घेतात आणि चिकाटीने सराव केल्यास काही महिन्यांत आपल्या गावच्या कागदांतील ठरावीक शब्द व नावे ओळखू येऊ लागतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द सलग लिहिलेले असतात, त्यामुळे अनोळखी नाव वाचताना घाई करू नये. फारसी व उर्दू कागदांचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण ते शिकस्ता या घाईच्या वळणात लिहिलेले असतात आणि रकमा पुष्कळदा अंकांत न लिहिता सियाक नावाच्या चिन्हांत असतात. छापील उर्दू सहज वाचणारा माणूसही तेथे अडखळतो. अशा कागदासाठी जाणकाराचीच मदत घ्यावी. लिप्यंतर करून घेताना मूळ कागदाच्या ओळीखाली ओळ असे लिहून घ्यावे आणि न लागलेला शब्द मोकळा सोडायला सांगावे. वाचकाने अंदाजाने भरलेला शब्द पुढे घराण्याचे नाव होऊन बसतो. कार्यालयात सादर करण्यासाठी लिप्यंतर हवे असल्यास अधिकृत मोडी वाचकाकडूनच करून घ्यावे.

८. शेतीचे नेमके कोणते जुने कागद मागावेत? नुसते "जुने रेकॉर्ड द्या" म्हटले तर कोणी दाद देत नाही.

कागदाचे नाव घेऊन मागणी करावी. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक हा सर्वांत उपयोगी पाया आहे, कारण निजामी पद्धतीकडून आजच्या सातबाऱ्याकडे येतानाच्या सांध्यावर ते उभे आहे. त्याच्या मागेपुढे हक्कनोंद पत्रक, नमुना १ व नमुना २, कुळ नोंदवही, सेतवार आणि जुनी पाहणी पत्रके पाहावीत. नंतरच्या काळासाठी सातबारा व फेरफार नोंदवही आहे. वारसाच्या फेरफारात एका पिढीतील सर्व मुलामुलींची व विधवेची नावे एकत्र येण्याची शक्यता असल्याने वंशावळीसाठी त्याचे मोल फार मोठे आहे.

कुळ नोंदवहीकडे लोक दुर्लक्ष करतात, ते करू नये. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्यामुळे कसणाऱ्याचे नावही कागदावर आले, म्हणजे ज्यांच्या मालकीची जमीन नव्हती अशी घराणीही येथे सापडू शकतात.

अडचण येते ती नंबरांची. जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरण योजनेनंतर सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, आणि आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर १९५४ च्या कागदात शोधणे व्यर्थ आहे. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा घ्यावा. त्यावर जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर शेजारी शेजारी मिळतात. हा उतारा हाती नसताना केलेला अर्ज बहुधा परत येतो.

९. आमच्या घराण्याकडे जमीनच नव्हती. मग आमचे नाव कुठेच नसेल का?

असू शकते, फक्त दारे वेगळी आहेत. जन्ममृत्यूच्या गावनोंदी (प्रश्न १०) आणि शाळेचे रजिस्टर (प्रश्न ११) यांना जमिनीची अट नाही. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी तयार झालेले नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर काही तहसिलांत अजून आहे. त्यात घरवार माणसांची नावे असतात, म्हणून भूमिहीन कुटुंबांनी ते आवर्जून विचारावे. गावकीची कामे करणाऱ्या घराण्यांनी बलुत्याच्या व सेवेच्या इनामांचे कागद पाहावेत (प्रश्न १६). डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केल्यानंतर मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या पहिल्या पिढीच्या घरांत महाविद्यालयीन प्रवेशाचे कागद हाच पुष्कळदा पहिला लेखी पुरावा असतो. जालना परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहता येतील. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेलमुळे तेथील मिशनचे काम एकोणिसाव्या शतकापासूनचे आहे. मुस्लिम कुटुंबांसाठी काझींकडील निकाहाच्या नोंदवह्या आणि बंजारा तांड्यांसाठी वंशावळ सांगणारे भाट व ढाडी हे जिवंत स्रोत आहेत. भाटाचे कथन ध्वनिमुद्रित करून ठेवावे आणि त्यातील नावे मिळतील तेथे कागदाशी ताडावीत.

१०. कोतवाल बुक म्हणजे काय? ते कुठे मिळते?

गावातील जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजेच गाव नमुना १४, लोकांच्या बोलण्यात कोतवाल बुक म्हणून ओळखली जाते. जुन्या वह्या तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरच्या नोंदींसाठी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे जावे. किती मागचे वर्ष मिळेल हे गावागणिक बदलते. नवजात बालकाचे नाव या वहीत पुष्कळदा नसते, नुसते "मुलगा" किंवा "मुलगी" आणि बापाचे नाव असते. म्हणून आजोबांच्या नावाने न शोधता पणजोबांच्या नावाने शोधावे.

११. शाळेच्या नोंदींचा उपयोग होतो का?

फार होतो. प्रवेश-निर्गम नोंदवहीत मुलाचे नाव, पालकाचे नाव, जन्मतारीख, जात आणि आधीची शाळा असते. जुनी जिल्हा परिषद शाळा बंद किंवा समायोजित झाली असल्यास केंद्रशाळेत अथवा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. जन्मतारखेवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. १ जून ही तारीख अर्ध्या गावाची जन्मतारीख असते, कारण प्रवेशाच्या दिवशी गुरुजींनी वयाच्या अंदाजाने ती टाकलेली असते.

१२. जनगणनेत आमच्या पूर्वजांची नावे मिळतील का?

नाही. हैदराबाद संस्थानात १८८१ पासून जनगणना झाली, पण तिच्या अहवालांत आकडे आहेत, व्यक्तींची नावे नाहीत. आणि १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तिगत नोंदी पाहायला मिळत नाहीत. अपवाद फक्त १९५१ च्या राष्ट्रीय रजिस्टरचा, ज्याचा उल्लेख प्रश्न ९ मध्ये आहे.

१३. गावच्या किंवा जिल्ह्याच्या वाचनालयात जाऊन नेमके काय मागावे?

संदर्भ विभागाची चौकशी करावी आणि ग्रंथपालांना आपले गाव, तालुका व काळ सांगावा. वंशावळ मागू नये. ती तयार मिळत नाही. जिल्हा गॅझेटियर, औरंगाबादसाठी १८८४ चे जुने गॅझेटियर, स्थानिक इतिहासाची पुस्तके, देवस्थानांच्या माहितीपुस्तिका, कुलवृत्तांत, शाळांच्या सुवर्ण व शतक महोत्सवांच्या स्मरणिका, आणि स्थानिक कार्यकर्त्यांचे गौरवग्रंथ अशी मागणी करावी. स्मरणिका हा प्रकार फार उपेक्षित आहे. तिच्यात माजी विद्यार्थ्यांच्या याद्या, देणगीदारांची नावे, पंचकमिट्यांचे जुने फोटो असतात, आणि ती बहुधा कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, सूचीत न घेतलेली अशी पडून असते. म्हणून सूचीत नाही म्हटल्यावर परत फिरू नये.

छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाचे ग्रंथालय, शासकीय विभागीय ग्रंथालय, बळवंत वाचनालय, मराठवाडा साहित्य परिषद आणि स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्था ही ठिकाणे पाहण्याजोगी आहेत. परभणीकरांना गणेश वाचनालय, नांदेडकरांना तेथील विद्यापीठाचे ग्रंथालय जवळ पडते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या घराण्यांनी त्या लढ्याविषयीची चरित्रे व आठवणी आधी वाचाव्यात आणि मग जिल्हाधिकारी कार्यालयातील स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनाच्या प्रकरणांची चौकशी करावी, कारण त्या अर्जांना जोडलेल्या प्रतिज्ञापत्रांत गाव, वय, तुरुंगवास आणि सहकाऱ्यांची नावे येतात. वृत्तपत्रांपैकी आ. कृ. वाघमारे यांनी १९३७ मध्ये सुरू केलेल्या "मराठवाडा"चे जुने अंक जेथे जपलेले असतील, तेथे निधनवार्ता, सभांचे वृत्तांत आणि जाहीर नोटिसा चाळाव्यात. हे काम सावकाशीचे आहे. एका बैठकीत एका वर्षाचे अंक पाहून व्हावेत एवढीच अपेक्षा ठेवावी.

१४. हैदराबादला जाण्यात अर्थ आहे का?

साध्या शेतकरी घराण्यासाठी सुरुवातीलाच जाण्यात अर्थ नाही. जहागीर, इनाम, देशमुखी, देशपांडेपण, सरकारी नोकरी किंवा मोठा वाद असा काही धागा असेल, तरच तार्नाका येथील तेलंगणा राज्य पुराभिलेखागारात जावे. तेथे मोगल काळापासूनचे फारसी आणि निजामी कारभाराचे उर्दू दप्तर आहे. जाण्यापूर्वी विभागाचे नाव, गाव, परगणा आणि सन लिहून न्यावे, ओळखपत्र व कामाच्या हेतूचे पत्र सोबत ठेवावे, आणि फारसी-उर्दू जाणणारी व्यक्ती बरोबर असेल असे पाहावे. सूची पाहून मागणी नोंदवली तरी कागद त्याच दिवशी मिळेल असे धरून परतीचे तिकीट काढू नये.

१५. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या उपाध्यायांच्या वह्यांत आमचे नाव सापडेल का?

तुमच्या घरातील कोणी तेथे जाऊन विधी केला असेल आणि नाव लिहिले असेल, तर सापडू शकते. या वह्या गाव, जात व आडनाव यांनुसार वेगवेगळ्या घराण्यांकडे वाटलेल्या असतात, म्हणून तेथे पोचल्यावर "अमुक तालुक्यातील अमुक गावचे उपाध्याय कोण?" हे प्रथम विचारावे. तुळजापूरला कुळाचा परंपरागत पुजारी ठरलेला असतो. त्याच्याकडेही यजमानांच्या नोंदी असल्यास पाहाव्यात. नोंदीत यात्रेकरूने स्वतः सांगितलेली नावे असतात आणि सोबत आलेल्या स्त्रियांची, भावांची नावेही येतात. सरकारी कागदांत धाकटे भाऊ दिसत नाहीत (प्रश्न ६), ती उणीव येथे भरून निघते. उपाध्यायांना योग्य ती दक्षिणा द्यावी आणि पानाचा फोटो काढण्याआधी परवानगी घ्यावी. वही त्यांची खासगी मालमत्ता आहे.

१६. घरात "मुंतखब" नावाचा उर्दू कागद आहे. तो महत्त्वाचा आहे का?

अतिशय. इनामाची चौकशी होऊन हक्क मान्य झाल्याचा तो दाखला असतो आणि त्यात इनाम मूळ कोणाला मिळाले, पुढे कोणाकडे आले, वाटे किती, याची हकिगत असते. म्हणजे काही पिढ्यांची वंशावळ सरकारने तपासून लिहिलेली असते. मदतमाश आणि खिदमतमाश हे शब्द दिसले तर पहिले निर्वाहासाठी व दुसरे देवस्थान, दर्गा किंवा मशिदीच्या सेवेसाठी दिलेले इनाम समजावे. अशा इनामांच्या चौकशीचे काम अतियात विभागाकडे असे. १९५२ च्या अतियात चौकशी कायद्याखालील प्रकरणे महसूल कार्यालयांत शोधता येतात. जहागिरीतील गावांचे दप्तर मात्र १९४९ मध्ये जहागिरी खालसा होईपर्यंत जहागीरदाराच्या कचेरीत असे, त्यामुळे त्याआधीच्या काळात सरकारी दप्तरात गाव न सापडणे शक्य आहे. मूळ मुंतखब लॅमिनेट करू नये, चिकटपट्टी लावू नये आणि तो कोणालाही "वाचून देतो" म्हणून घरी नेऊ देऊ नये.

१७. आजीच्या माहेरचा शोध लागत नाही. तिचे लग्नाआधीचे नावही कोणाला माहीत नाही.

स्त्रियांची नावे लग्नात बदलत आणि जुन्या कागदांत त्या कोणाची तरी भ्रतार म्हणूनच येतात. माहेराकडून शोध घेतल्यास मार्ग निघतो. आजीच्या माहेरगावातील, तिच्या भावांच्या नावावरच्या जमिनीचे वारस फेरफार काढावेत; त्यांत बहिणींची नावे आणि त्यांचे हक्कसोडपत्र असण्याची शक्यता असते, आणि हक्कसोडपत्रात सासरचे गावही येते. नोंदणीकृत दस्तासाठी दुय्यम निबंधक कार्यालयाच्या सूचीत शोध घ्यावा. जुन्या लग्नपत्रिका, आहेराच्या याद्या आणि तिच्या भावांच्या घरातील टिपणे यांतून निदान माहेरगाव तरी निश्चित होते.

१८. आमचे गाव धरणात गेले. दुसऱ्या एका शाखेचे घर किल्लारीच्या भूकंपात पडले. आता काय उरले असेल?

घरातले कागद गेले तरी तालुक्याचे दप्तर गेले असे नाही. जायकवाडीत बुडालेल्या गावांसाठी भूसंपादनाची प्रकरणे आणि पुनर्वसनाच्या याद्या हा उलट एक ठेवाच आहे, कारण मोबदला देताना प्रत्येक हिस्सेदाराची, वारसाची आणि घराची नोंद झाली. धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये आणि उद्‌घाटन १९७६ मध्ये झाले. त्या दरम्यानचे निवाडे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन व पुनर्वसन शाखांत विचारावेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावे नव्या जागी वसवताना कुटुंबवार याद्या झाल्या. त्यांत मृतांची व वाचलेल्यांची नावे शेजारी शेजारी येतात. घरातील वडीलधाऱ्यांसमोर त्या उघडताना थोडे भान ठेवावे.

१९. "रेकॉर्ड सापडत नाही" असे तोंडी सांगून परत पाठवतात. पुढे काय?

तोंडी नकारावर थांबू नये. कागदाचे नाव, गाव, सर्व्हे नंबर आणि सन लिहून नकलेचा अर्ज द्यावा व पोच घ्यावी. उत्तर न आल्यास माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करावा. त्याला सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जात "नक्कल द्यावी" याबरोबर "संबंधित दप्तराची यादी पाहू द्यावी" अशीही मागणी करावी, कारण एखादे गाव चुकून शेजारच्या गावाच्या गठ्ठ्यात बांधले गेले असेल तर ते यादीवरूनच कळते. अभिलेख खरोखर नष्ट किंवा गहाळ असल्यास तसे लेखी घ्यावे. बाकी, अभिलेख कक्षातील कारकुनाशी सौजन्याने वागावे. वाळवी, ओल आणि अपुरी माणसे यांच्याशी झगडत त्यानेच ते गठ्ठे राखलेले असतात, आणि कोणता गठ्ठा कोणत्या घोडीवर (मांडणीवर) आहे हे अनेकदा त्याच्याच डोक्यात असते.

२०. आम्हाला वंशावळ कुणबी नोंदीसाठी किंवा जातपडताळणीसाठी हवी आहे. हीच पद्धत चालेल का?

शोधाची पद्धत तीच, पण पुराव्याची कसोटी अधिक कडक. २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे मराठवाड्यातील मोडी व उर्दू अभिलेखांची मोठ्या प्रमाणावर तपासणी झाली आणि सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या. त्या गावनिहाय आधी पाहाव्यात. नोंद सापडणे हे अर्धेच काम आहे. त्या नोंदीतील माणसापासून अर्जदारापर्यंतची प्रत्येक पिढी कागदाने जोडावी लागते, आणि त्यासाठी मोबाइलमधला फोटो चालत नाही, प्रमाणित नक्कल लागते. पडताळणीत मानीव दिनांकापूर्वीच्या, म्हणजे त्या त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेपूर्वीच्या, पुराव्याला वजन असते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. गॅझेटियरमध्ये एखाद्या जातीची जिल्हावार संख्या दिली असते. तिच्यावरून एका विशिष्ट घराण्याचा वंश सिद्ध होत नाही, ही गल्लत पुष्कळ जण करतात.

२१. दोन कागदांत पणजोबांच्या वडिलांची दोन वेगळी नावे आहेत. खरे कोणते?

कदाचित दोन्ही. दत्तक गेलेल्या माणसाचे नाव जन्मघराच्या कागदात एका बापाचे आणि दत्तकघराच्या कागदात दुसऱ्या बापाचे असते. अशा वेळी दत्तकपत्र किंवा इनामाच्या वारसाचे प्रकरण शोधावे. बोलण्यातले नाव व कागदावरचे नाव वेगळे असणे, म्हणजे गावात धोंडी आणि कागदात धोंडिबा किंवा ज्ञानदेव, हेही नेहमीचे आहे. उर्दूतून मराठीत उतरवताना नुक्त्यांच्या (अक्षरांच्या टिंबांच्या) घोळामुळे एकाचे दुसरे नाव झालेले असू शकते. मग मूळ उर्दू कागद पुन्हा वाचून घ्यावा. यांपैकी काहीही लागू पडत नसेल तर ती एकाच गावातली, एकाच नावाची दोन माणसे असण्याचा संभव अधिक, आणि तसे असल्यास सर्व्हे नंबरांची मालिका दोन स्वतंत्र वाटांनी खाली येताना दिसते. उलगडा होईपर्यंत वंशावळीत दोन्ही नावे ठेवावीत, त्यांच्यापुढे कागदाचे नाव व सन लिहावा, आणि एकही खोडू नये.